एका दिवसात मुंबई : यादी माझी, पण गुण कोणाचे?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांचा नेहमीचा प्रश्न असतो : "सर, विषय आहे, पण त्यातला प्रॉब्लेम कसा मांडायचा?" यावर पुस्तकी उत्तर देता येईल. पण मागच्या महिन्यात एका रविवारी मला या प्रश्नाचं उत्तर मुंबई फिरताना मिळालं, तेही माझ्याच चुकीतून. म्हणून आज तीच गोष्ट सांगतो.

एम.एस्सी.ला माझ्यासोबत एकाच खोलीत राहिलेला मित्र परभणीहून आला होता. तो आता तिकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवतो. शुक्रवारी त्याची पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत झाली, शनिवार कागदपत्रांत गेला आणि रविवारी रात्री देवगिरी एक्सप्रेसने परत जायचं होतं. मुंबईत तो याआधी दोनदा आला होता, दोन्ही वेळा परीक्षा केंद्र आणि परत स्टेशन. म्हणाला, "एक दिवस हाताशी आहे. मुंबई दाखव की."

माझं संशोधन वाहनांचे मार्ग ठरवण्याच्या गणितावर आहे. दूध संकलनाची गाडी कुठल्या क्रमाने गावं घेईल, असले प्रश्न. अशा माणसाला कुणी "एका दिवसात मुंबई दाखव" म्हटलं तर तो काय करेल? मी शनिवारी रात्री लॅपटॉप उघडला.

आधी यादी

सुरुवात सीएसएमटीपासून, कारण बॅग तिथल्या क्लोक रूममध्ये ठेवायची होती. शेवटही तिथेच. सकाळी ८ ते रात्री ८ म्हणजे १२ तास. जेवणखाण्याचा एक तास वजा केला की उरतात ६६० मिनिटं. मग ठिकाणं लिहिली, प्रत्येकाला लागणारा वेळ आणि दहापैकी गुण दिले :

घारापुरी (बोटीच्या येण्याजाण्यासह) : २७० मिनिटं, १० गुण
छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय : १५० मिनिटं, ९ गुण
काळा घोडा, राजाबाई टॉवर, एशियाटिकच्या पायऱ्या : ९० मिनिटं, ८ गुण
मरीन ड्राइव्ह : ६० मिनिटं, ८ गुण
हाजीअली : ६० मिनिटं, ७ गुण
सिद्धिविनायक : ९० मिनिटं, ७ गुण
राणीची बाग : १२० मिनिटं, ६ गुण
नेहरू सायन्स सेंटर : १२० मिनिटं, ६ गुण
बाणगंगा : ४५ मिनिटं, ५ गुण

नुसती बघण्याचीच बेरीज १००५ मिनिटं होते, म्हणजे पावणेसतरा तास. प्रवास अजून धरलेलाच नाही. म्हणजे सगळं बघणं शक्य नाही. काय गाळायचं आणि उरलेलं कुठल्या क्रमाने घ्यायचं, हे दोन्ही एकदम ठरवायचं आहे.

याला गणितात काय म्हणतात?

तुम्ही 'ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम' ऐकला असेल. सगळ्या गावांना एकेकदा जाऊन परत यायचं, अंतर कमीत कमी. १९५४ मध्ये डॅन्टझिग, फुल्करसन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांसाठी तो सोडवला आणि आपलं उत्तर सर्वोत्तम असल्याचं सिद्धही केलं. पुढे २००६ पर्यंत गाडी ८५,९०० बिंदूंपर्यंत पोचली.

आपला प्रश्न त्याचा चुलतभाऊ आहे. इथे सगळीकडे जायची सक्ती नाही. वेळेची मर्यादा आहे आणि त्यात जास्तीत जास्त गुण गोळा करायचे आहेत. याचं नाव 'ओरिएंटियरिंग प्रॉब्लेम'. ओरिएंटियरिंग हा नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात धावण्याचा खेळ. त्याच्या एका प्रकारात ठिकठिकाणच्या खुणांना गुण असतात आणि ठरलेल्या वेळेत परत यायचं असतं. गोल्डन, लेव्ही आणि व्होरा यांच्या १९८७ च्या पेपरपासून हे नाव रूढ झालं. पर्यटकांच्या सहली आखणाऱ्या बऱ्याच संशोधनाचा पाया हाच प्रश्न आहे.

सगळे पर्याय तपासले तर?

वर्गात हमखास येणारी शंका : "सर, कॉम्प्युटर आहे ना, सगळे तपासू." नऊ ठिकाणांतून कितीही ठिकाणं, कुठल्याही क्रमाने निवडायची तर एकूण ९,८६,४१० बेत होतात (त्यात 'कुठेच जायचं नाही' हाही एक बेत आहे). सेकंदाला एक कोटी बेत तपासणारा प्रोग्रॅम हे काम सेकंदाच्या दहाव्या भागात करेल.

पण ठिकाणं वीस झाली तर? त्याच वेगाने सुमारे २१ हजार वर्षं. ठिकाणं दुपटीहून थोडी जास्त, आणि वेळ कुठल्या कुठे. असे प्रश्न ज्या गटात मोडतात त्याला 'एनपी-हार्ड' म्हणतात. त्यांच्यासाठी मोठ्या आकारालाही झटपट आणि नेहमी अचूक उत्तर देणारी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. म्हणून व्यवहारात 'बऱ्यापैकी चांगलं' उत्तर पटकन देणाऱ्या रीती वापरतात.

सगळ्यात सोपी रीत म्हणजे 'ग्रीडी', आपल्या भाषेत हावरट. पण हाव कशाची, ते ठरवावं लागतं.

हाव गुणांची धरली, तर आधी घारापुरी, मग वस्तुसंग्रहालय, मग मरीन ड्राइव्ह आणि काळा घोडा. ५७० मिनिटं इथेच संपली. प्रवास धरला की पाचवं ठिकाण बसत नाही. एकूण ३५ गुण.

हाव दर मिनिटाच्या गुणांची धरली, तर मरीन ड्राइव्ह पहिलं येतं आणि घारापुरी एकदम तळाला जातं. या रीतीने मरीन ड्राइव्ह, हाजीअली, बाणगंगा, काळा घोडा, सिद्धिविनायक आणि वस्तुसंग्रहालय अशी सहा ठिकाणं निवडली गेली. बघायला ४९५ मिनिटं, प्रवासाला माझ्या अंदाजाने १५०, एकूण ६४५. गुण ४४. मी सगळे बेत तपासून पाहिले, याहून जास्त गुणांचा एकही बसत नव्हता. मी खूश!

(ही दुसरी रीत नेहमीच जिंकते असं समजू नका. तुमच्याकडे ६० मिनिटं आहेत. एक ठिकाण १० मिनिटांचं, ३ गुणांचं. दुसरं ६० मिनिटांचं, १० गुणांचं. हावरट रीत आधी छोटं उचलेल आणि मोठं हातचं जाईल. करून बघा.)

वेळेच्या खिडक्या

मग क्रम बघितला. कमीत कमी प्रवासाच्या बेतात मरीन ड्राइव्ह बरोबर टळटळीत उन्हाच्या वेळी येत होतं. दुपारी एक वाजता मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून बघा, आठ गुण कसे वितळतात ते! म्हणजे ठिकाणाचे गुण कायम नसतात, ते वेळेवर अवलंबून असतात.

काही ठिकाणी तर दारच ठरावीक वेळी उघडं असतं. सोमवारी घारापुरीच्या लेण्या बंद. बुधवारी राणीची बाग बंद. हाजीअलीचं कुलूप तर समुद्राकडे आहे : भरतीला दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते. आणि भरती रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे कालचं वेळापत्रक आज चालत नाही. अशा बंधनांना 'टाइम विंडो' म्हणतात. त्या रविवारी भरती दुपारची होती, म्हणून हाजीअली सकाळीच उरकणं भाग होतं.

मी क्रम बदलला. सिद्धिविनायक, हाजीअली, बाणगंगा, दुपारच्या उन्हात सावलीतलं वस्तुसंग्रहालय, मग काळा घोडा आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. बेत देखणा झाला. पण प्रवास १५० वरून १७५ मिनिटांवर गेला आणि एकूण झाली ६७०. दहा मिनिटं जास्त.

आता मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. बाणगंगेसमोरचे ४५ खोडले आणि ३५ लिहिले. बेत बसला. पलीकडच्या खाटेवरून मित्र बघत होता.

"मघाशी पंचेचाळीस होते ना रे?"

"पस्तीस मिनिटांत होतं बघून."

"मग मघाशी पंचेचाळीस कशाला लिहिलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडळी, हा क्षण तुमच्याही संशोधनात येणार आहे. उत्तर आवडलेलं असतं, एकच आकडा आडवा येतो आणि हात आपोआप त्या आकड्याकडे जातो. तो आकडा खरंच अंदाजाचा असेल तर बदलायला हरकत नाही, पण रीत वेगळी आहे. ३५, ४५, ६० असे सगळे घालून बघायचे आणि उत्तर किती हलतं ते लिहून टाकायचं. याला 'सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस' म्हणतात. मी केलं ते ॲनालिसिस नव्हतं, ती लबाडी होती. दहाच मिनिटांची असली तरी.

"हे गुण कुणी दिले बे?"

एवढ्यावर थांबला असता तर तो माझा मित्र कसला? उठून जवळ आला, यादी वाचली आणि हसायला लागला.

"काय करायलास तू? हे गुण कुणी दिले बे?"

"मी."

"बघणार कोण?"

मी पेन त्याच्या हातात दिलं. त्याने घारापुरीचे १० खोडून २ केले. म्हणाला, "अरे, वेरूळला पोरांच्या सहली किती वेळा घेऊन गेलोय मी. कैलास लेणं बघितलेल्या माणसाला पाच तास बोटीत आणि लेण्यात फिरवतोस?" वस्तुसंग्रहालय ४, हाजीअली ५, सिद्धिविनायक ३, बाणगंगा २. काळा घोड्याला ७. मरीन ड्राइव्हला १०, शेजारी लिहिलं, "कुठलाही समुद्र चालेल, पण बसायला वेळ पाहिजे." परभणीच्या माणसाला समुद्र म्हणजे काय, हे रोज लोकलच्या गर्दीतून त्याच्या दिशेने ये-जा करणाऱ्या माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग खाली दोन नवी नावं लिहिली. चैत्यभूमी, १०. राजगृह, १०. "आईने चैत्यभूमीला जाऊन ये म्हणून सांगितलंय. आणि राजगृह मला बघायचंय. पुस्तकं ठेवायला म्हणून माणसाने घर बांधलं, ते घर नुसतं बाहेरून तरी बघू दे."

माझ्या यादीत ही दोन्ही नावं नव्हती. गुण कमी पडले म्हणून गळली असती तर वेगळी गोष्ट. ती स्पर्धेतच नव्हती. माझं गणित कितीही अचूक असतं तरी त्याने ती शोधून काढली नसती. जे यादीत नाही ते कुठलाच अल्गोरिदम निवडू शकत नाही.

शेवटी तो म्हणाला, "आणि ते स्टेशन?"

"कुठलं?"

"सीएसएमटी. दोनदा आलो, दोन्ही वेळा पळत बाहेर पडलो. एकदा समोरच्या फुटपाथवर उभं राहून नीट बघायचंय." आणि त्याने त्याला ८ गुण दिले.

आमच्या विषयात जिथून गाडी निघते आणि जिथे परत येते त्याला 'डेपो' म्हणतात. डेपोला गुण नसतात. ते गृहीतच असतं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने उभारलेली, २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली इमारत मी शून्य गुणांचा डेपो करून टाकली होती!

नव्या गुणांनी माझ्या 'सर्वोत्तम' बेताची बेरीज केली, ४४ चे झाले ३१. नवा बेत असा : सीएसएमटीची इमारत ३० मिनिटं, राजगृह ३०, चैत्यभूमी आणि मागचा समुद्र १२०, काळा घोडा ते एशियाटिक ९०, मरीन ड्राइव्ह १२०. बघायला ३९०, प्रवासाला १३५, एकूण ५२५. पाचच ठिकाणं, पण गुण ४५. आणि सव्वादोन तास मोकळे. प्रोग्रॅमने लगेच त्या मोकळ्या वेळात हाजीअली कोंबून दाखवलं. मित्र म्हणाला, "राहू दे. मोकळ्या वेळालाही गुण असतात."

प्रत्यक्षात काय झालं

रविवार होता. मेगाब्लॉक होता. दादरला जायला माझ्या तक्त्यातली मिनिटं धरली होती ती आठवड्याच्या दिवसाची, रविवारी त्यांचा काही उपयोग झाला नाही. जवळपास पाऊण तास जास्त गेला. पहिला बेत असता तर तो तिथेच कोसळला असता, कारण त्यात एकही मिनिट शिल्लक नव्हतं. या बेतात मोकळ्या वेळाने ते सांभाळून घेतलं.

हिंदू कॉलनीत राजगृहासमोर आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. मित्र फार बोलला नाही. चैत्यभूमीवर नमस्कार केला, आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मग मागे वाळूत बसलो. तिथे त्याने मुलाखतीचं सांगितलं.

त्याने विषय दिला होता शेअरच्या किमतींचा अंदाज. एका सीनियरने सुचवलेला. डेटा इंटरनेटवर फुकट मिळतो, पेपर पटकन होतात. पॅनलमधल्या मॅडमनी विचारलं, "हाच विषय का?" त्याने हेच सांगितलं : डेटा उपलब्ध आहे. त्या म्हणाल्या, "हे सोयीचं कारण झालं. तुम्हाला यातलं काय जाणून घ्यायचंय?" त्याला काहीच सुचलं नाही.

"काल रात्री तुला गुण कुणी दिले म्हणून हसलो ना," तो म्हणाला, "नंतर झोप नाही आली. माझ्या विषयाचे गुण तरी मी कुठे दिलेत?"

मी विचारलं, मग तुझे गुण कशाला? बराच वेळ समुद्राकडे बघून म्हणाला, पावसाच्या खंडाला. जूनमध्ये पाऊस पडतो, लोक पेरतात, मग पंधरा-वीस दिवस उघडीप, दुबार पेरणी. वडील दरवर्षी विचारतात, "तू आकड्यांचा मास्तर ना, मग सांग, आता पेरू की थांबू?" खंड किती दिवसांचा असू शकतो, पेरणीनंतर कितव्या दिवशी तो पडण्याची शक्यता किती, हा संख्याशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे. पण त्याच्या यादीत तो कधी आलाच नव्हता. घरचा प्रश्न म्हणून. डेपोसारखा.

हे सोपं नाही, हे त्यालाही माहीत आहे. गावपातळीच्या पावसाच्या नोंदी गोळा करायच्या, त्यातल्या गाळलेल्या जागा हाताळायच्या, यात वर्ष जाऊ शकतं. आणि पीएच.डी.लाही ६६० मिनिटांसारखी मर्यादा असतेच : नियमानुसार किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. तासिकेच्या मानधनावर घर चालवणाऱ्याला एक वर्ष म्हणजे काय, ते मी त्याला सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी मरीन ड्राइव्हला आम्ही त्यावरच बोलत बसलो. रात्री देवगिरीत बसल्यावर त्याने मेसेज केला : "सगळी मुंबई राहिली, पण बघितली."

निकाल अजून लागलेला नाही. त्याने पावसाच्या खंडावर दोन पानांचं टिपण मात्र पाठवलंय, आणि सध्या आम्ही त्यातल्या वाक्या-वाक्यावर भांडतोय.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

सिनॉप्सिस जमा करण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा.

१. तुमच्या उद्दिष्टांना गुण कोणी दिले? गाईडने, सीनियरने, ट्रेंडने की तुम्ही? दुसऱ्याने दिलेले गुण वाईटच असतात असं नाही, पण ते तुम्हालाही पटलेत का हे मुलाखतीआधी स्वतःला विचारा. पॅनल विचारणारच आहे.

२. यादीत काय आलंच नाही? जे इतकं रोजचं आहे की तुम्ही त्याला डेपो करून टाकलंय, ते एकदा समोरच्या फुटपाथवरून बघा.

३. कुठला आकडा तुम्ही उत्तर बसावं म्हणून बदलला? बदलला असेल तर तिथे तारीख आणि कारण लिहा. नाही लिहिता आलं तर जुना आकडा परत आणा.

४. मेगाब्लॉकसाठी वेळ ठेवलाय का? यंत्र बिघडेल, नोंदी मिळणार नाहीत, परवानगी उशिरा येईल. सात उद्दिष्टं मिनिटाला मिनिट बसवलेली योजना पहिल्याच अडथळ्याला कोसळते.

आणि माझ्याबद्दल म्हणाल तर, सोमवारी मी माझं दूध संकलनाचं मॉडेल उघडलं. त्यात मी तीन वर्षं फक्त किलोमीटर कमी करत होतो. किलोमीटरला महत्त्व कोणी दिलं? मीच. पुढच्या आठवड्यात पहाटेच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून जाणार आहे. यादी आणि पेन या वेळी त्याच्या हातात देईन. तो काय लिहितो ते पुढच्या लेखात.